डाव्या बाजूचं दार

जगात दुरुस्त होत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. माणसाने फक्त मनावर घेतलं पाहिजे. हा सिद्धान्त निवृत्त ट्रकवाल्याने सकाळी सात वाजता अंगणात, हातोडी उगारून, कुंपणावरच्या मांजराला ऐकवला. मग हातोडी खाली आली ती त्याच्या अंगठ्यावर. मांजर निघून गेलं.

अंगठा लालभडक झाला. शेजाऱ्याचा अंगठा पाहावा तसा त्याने तो पाहिला. दुखत असणार, असा अंदाज केला आणि पुन्हा कामाला लागला.

जुन्या ट्रकचं डाव्या बाजूचं दार अकरा वर्षं लोंबत होतं. बिजागऱ्यांच्या पिना झिजून पार बारीक झाल्या होत्या. ते दार लावणं ही कला होती, आणि ती घरात एकट्या बायकोला अवगत होती. आत बसून तळव्याने दार उचलायचं, गुडघ्याने तोलायचं आणि जन्माचा राग काढल्यासारखं ओढायचं. "दाराचं बघा," ती म्हणायची. "बघतो," तो म्हणायचा. अकरा वर्षांत दोघांपैकी कुणीही आपलं वाक्य बदललं नव्हतं.

परवा मात्र ती म्हणाली, "लेकीकडे जाते." किती दिवस, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. काल रात्री ती पिशवी भरत होती. भर उन्हाळ्यात तिने घडी करून शाल आत ठेवली, तेव्हा त्याला उत्तर मिळालं. तो बराच वेळ त्या पिशवीकडे बघत बसला. मग 'उद्या स्टँडवर मीच सोडतो' एवढंच म्हणाला.

आणि आज त्याने दार उतरवलं होतं. उतरवायला एक माणूस पुरतो, चढवायला दोन लागतात. तीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला हे ठाऊक होतं, पण उतरवताना आठवलं नाही. त्याने दाराखाली जॅक लावला, जॅकवर फळी ठेवली. फळी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा जॅकही घसरला.

साडेनऊला बायको बाहेरचे कपडे घालून, दोन पिशव्या घेऊन पायरीवर आली. ट्रककडे बघून थांबली.

"दार कुठंय?"

"ते काय, भिंतीला टेकलंय."

"आजच काढलंत?"

"आजच."

"अकरा वर्षं सांगत होते."

"म्हणून तर."

तो दाराला मिठी मारून ट्रककडे सरकत होता, ते तिने थोडा वेळ पाहिलं. मग पिशव्या खाली ठेवल्या. "सरका," म्हणाली. दाराच्या बुडाला गुडघा लावला, दोन्ही तळवे खाली घातले, आणि दार बरोबर बिजागरीच्या भोकाशी जाऊन उभं राहिलं.

"जरा वर..." तो म्हणाला.

"तुम्ही पिना ठोका. या दाराचं मला कळतं."

त्याने वरची नवी पिन ठोकली, मग खालची. तिने हात काढले. दार जागच्या जागी राहिलं. त्याने एका बोटाने ते ढकललं, परत ओढलं. आवाज नाही. अंगणात एकदम चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

"बस," तो म्हणाला, आणि एखाद्या साहेबासाठी धरावं तसं दार धरून उभा राहिला. ती वर चढली. सवयीने तळवा दाराखाली घातला, पण उचलायला काही नव्हतं. तिने दार नुसतं ओढलं. ठक्. दार परत आलं. पुन्हा ओढलं. ठक्.

तो वाकून बघू लागला. दार ज्यात अडकतं तो चौकटीवरचा आकडा दोन बोटं खाली होता. दार जसजसं लोंबत गेलं, तसतसा त्यानेच तो खाली घेतला होता. अकरा वर्षांत चारदा. दर वेळी पाच मिनिटांचं काम.

"दार बरोबर आहे," तो म्हणाला. "आकडा चुकीच्या जागी आहे."

"तिथे कुणी नेला?"

तो पाना शोधू लागला. पाना सापडला तेव्हा कळलं की बोल्ट गंजून एकजीव झालेत.

सीटच्या मागे दोरी होती. दार अगदीच ऐकेना तेव्हा बांधायला बायकोनेच ती ठेवली होती. ती तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. त्याने बोल्टवर तेल सोडलं. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. दोरीचं नाव कुणी काढलं नाही.

"बस साडेदहाची आहे," ती म्हणाली.

"दुसरी चारला असते."

"असते."

त्याने पाना लावून जोर केला. बोल्ट हलला नाही, पण अंगठा ठणकू लागला. सकाळचा मार आत्ता पोचला असावा. तो अंगठा तोंडात धरून उभा राहिला.

"चारपर्यंत होईल?" तिने विचारलं.

"बघतो," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला ते ऐकू आलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग जागच्या जागी जरा सरकली, आणि पुन्हा सरकली.

"तोवर त्या पिशवीतली शाल काढून द्या," ती म्हणाली. "सीटची स्प्रिंग टोचतेय."