उन्हाचं मलम

"उन्हाचं मलम कुठून मिळालं तर तेवढं लावत चला. या मुलीला ऊन सोसायचं नाही," कणकवलीच्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं होतं.

तुळसानं ते वाक्य देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. मलम मिळालंही. शेजारच्या सेवरीनाचा भाऊ बोटीवर कामाला होता, त्याने दुबईहून ट्यूब आणून परस्पर तुळसाच्या हातात दिली. ट्यूबवर सूर्य छापलेला होता, म्हणून तुळसानं ती देव्हाऱ्यातच ठेवली.

आज रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून सेवरीना थेट तुळसाच्या पडवीत आली होती, दुसरी ट्यूब घेऊन. ती मालवणच्या शाळेत शिकवायची. वाडीत इंग्रजी वाचणारी ती एकटीच. ट्यूबवरची बारीक अक्षरं ती लांब धरून वाचत होती.

तुळसाची लेक विमला खांबाच्या सावलीत बसली होती. नऊ वर्षांची. जन्मापासून पांढरी, केस, भुवया, पापण्यासुद्धा. अख्खं देवबाग तिला मडम म्हणे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची पट्टी. डोक्यावर छत्री धरली तरी ऊन खालून वर येई, आणि शाळेतून घरी येईतो पोरीची मान भाजून निघे. आता सुट्टी होती. आठ दिवस घरात कोंडून राहिल्यामुळे साल भरून आली होती. चट्टे तेवढे राहिले होते.

"पयली सोपली?" सेवरीनानं विचारलं.

"सोपली. थेंबभर फुकट घालवक नाय."

"मगे पोरीची मान अशी कशी गो?"

"भाजल्याशिवाय कसा कळतला, खंय लावचा ता? भाजला की रातीक लावतंय. देवाक दिवो दाखवन." "चरचरता म्हणान रडता ती. मी सांगतंय, चरचरता म्हणजे लागू पडता."

सेवरीनानं ट्यूब पुन्हा वाचली. मग मांडीवर ठेवली.

"तुळसा, ह्या भाजल्याचा मलम नाय गो. ह्या उन्हात जायच्या आधी लावचा. ह्येच्यात एक रसायन आसा, ता ऊन खाता. कातडीपर्यंत पोचूकच देणा नाय."

"ऊन खाता?"

"हां. रातीच्या काळोखात ता बिचारा काय खातला?"

सेवरीना हे हसवायला म्हणून बोलली. पण हसलं कोणी नाही.

भाजल्याचं मलम भाजल्यावर लावायचं. खरजेचं मलम खरूज झाल्यावर. तसं उन्हाचं मलम ऊन लागल्यावर. यात चुकलं कुठे, हे तुळसाला नीट उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा ती आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली. आठ महिने, ओल्या सालीवर, याच बोटांनी. वर पोरीला दटावणं.

"आये, मगे ता चरचरा कित्याक?" विमलानं विचारलं.

"माझ्या चुकीन," तुळसा म्हणाली.

बाहेरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा एका सुरातला आवाज येऊ लागला. विमलानं मान वळवली. आवाज तिच्या ओळखीचा होता. दिवसाउजेडी किनाऱ्यावर जाऊन रापण मात्र तिने कधी पाहिली नव्हती. मलम लागू पडलं की घेऊन जातलंय, असं आईनं कबूल केलं होतं. आता पोर आईकडे बघत होती.

"किती आधी लावचा?" तुळसानं विचारलं.

"अर्धो तास. मुरूक व्हया ता. आणि दोन तासांनी परत. खाऊन खाऊन दमता."

तुळसानं हात धुतले, पदराला कोरडे केले. मानेला, कानामागं, हनुवटीखाली, पायांच्या बोटांपर्यंत तिने मलम लावलं. विमलानं डोळे गच्च मिटून घेतले होते. मग एक डोळा उघडला.

"चरचराक नाय."

"चरचराचा नसताच."

घरात घड्याळ नव्हतं. तुळसानं माळ घेतली आणि भिंतीला टेकून नाम घेऊ लागली. सेवरीना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली.

तिसऱ्या माळेला रापणीचा आवाज जवळ आला. "आये, भायर काढतत वाटता," विमला हळूच म्हणाली. तुळसाचा मणी पुढे सरकला, ना घाईनं, ना उशिरानं.

"आमच्या माळेचो तेर्स वीस मिन्टांत सोपता," सेवरीना पुटपुटली. "तुमचो देव भारी निवांत."

पाचवी माळ संपली. सेवरीनानं घड्याळ पुढे केलं. "अठ्ठावीस झाली. जा आता. दोन मिन्टांन काय होता?"

तुळसानं सहावी माळ धरली.

ती पुरी करून तिने माळ कपाळाला लावली, खुंटीवर अडकवली. विमलाच्या डोक्याला आपला धुवट पंचा बांधला, कानांवरून खाली ओढला. सेवरीना मायलेकींना एकट्यानं जाऊ देत पडवीतच बसून राहिली.

उंबऱ्याशी विमला थांबली. अंगण पांढरं झगझगत होतं. तिचे डोळे किलकिले झाले, पाय मात्र धावायला आसुसले होते.

"धावा नको," तुळसा म्हणाली. "ऊन खंय पळान जाणा नाय."

आणि पोरीचं बोट धरून ती आधी स्वतः अंगणात उतरली.