नदीकाठचं घर

सांगलीचं सौंदर्य आजवर दोघांनाच कळलं, एक कृष्णामाईला आणि दुसरं आपल्याला, असं घरं-जमिनी विकून देणाऱ्या जिनेशचं ठाम मत होतं. म्हणून तो रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन गल्ल्यांतून आणि घाटावरून हिंडायचा, आणि उकिरडे तेवढे वगळून शहर टिपायचा.

आज तो विजयमालाकाकींच्या नदीकाठच्या घरी आला. घर विकून काकींना विट्याला लेकीकडं जायचं होतं. मावळता सूर्य, नाव, घाटाच्या पायऱ्या, सगळं फोटोत ऐटीत बसलं. फक्त दाराशेजारच्या भिंतीवर, जिनेशच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, एक निळी रेघ मध्ये येत होती. तिच्याशेजारी लिहिलं होतं, ‘महापूर २०१९’.

“काकी, त्या रेघेवरून एखादी चादर सोडा की.”

“का रं?”

“गिऱ्हाईक बिचकतं. आणि काकी, कलेत पुराला जागा नसते.”

“व्हय, मागल्या येळंला बी नव्हती,” काकी शांतपणे म्हणाल्या. “पुराच्या आदल्या वर्षी ह्या घराचा फोटो तूच काढला हुतास. त्यो बघूनच तर घेतलं मी. त्यात बी असाच सूर्य हुता.”

जिनेश उगाच मोबाइलची काच पुसत राहिला. काकींनी कमरेचा मोबाइल काढला आणि त्याच्यावर रोखला.

“आता एवढं एक कर बाबा. त्या रेघेखाली जरा ताठ उभा ऱ्हा. गिऱ्हाइकाला अंदाज येईल.”