जावांची सामाईक जागा

"तेवढे चार महिने वगळा," साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "अपवाद म्हणून."

पडद्यावर अस्वलाच्या दोन माद्यांचा वर्षभराचा वावर पसरला होता. एकीचे ठिपके निळे, दुसरीचे लाल. गळ्यातल्या पट्ट्यांनी दर दोन तासांनी एकेक धाडलेला. वनखात्याच्या ऑफिसात त्यांना थोरली आणि धाकटी जाऊ म्हणत, कारण आठ महिने त्या एकमेकींचं तोंड पाहत नसत. उन्हाळ्याचे चार महिने मात्र दोघी मुकाट्यानं एकाच झऱ्यावर यायच्या; अख्ख्या डोंगरात तेवढाच आटत नसे. थोरली पहाटे, धाकटी दिवस मावळल्यावर. दोघींच्या हद्दी किती एकमेकींवर येतात, हे मोजणं तिचं काम. बारा महिने धरले तर एकतीस टक्के. उन्हाळा गाळला तर जेमतेम दोन.

आणि दोन टक्के आले की साहेबांनी जंगलात आखलेलं कुंपण दोघींच्या हद्दींमधून सरळ जात होतं. झरा थोरलीच्या बाजूला राहत होता.

साहेबांनी आवाज मऊ केला. अकरा वाजता मंजुरीसाठी समिती येतेय, कुंपणाचं काम वर्षभर रखडलंय, शिवाय तिची नेमणूक महिनाअखेरीला संपतेय आणि मुदतवाढीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडलाय, हे सगळं त्यांनी आडून आडून तिच्या कानावर घातलं. घरी वडिलांना काय सांगायचं, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण या ठिपक्यांपायी तिनं दोन उन्हाळे डोंगर तुडवला होता, आणि साहेब जीपमधूनसुद्धा कधी उतरले नव्हते. तिला मनस्वी राग आला. तिनं बाराही महिन्यांचा नकाशा छापायला टाकला.

"मी काय म्हणतोय, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब. म्हणून तर मोठ्या कागदावर काढतेय."

बैठकीच्या खोलीत तिनं स्वतःच नकाशा भिंतीला चिकटवला. समितीच्या अध्यक्षबाई झऱ्याभोवतीच्या निळ्या-लाल गर्दीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. साहेब लगबगीनं पुढे झाले. उन्हाळ्याच्या नोंदी म्हणजे अपवाद, त्या फारशा मनावर घेऊ नका, म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"उन्हाळा धरला नाही, तर कुंपण बसतं?" त्यांनी तिलाच विचारलं.

"बसतं की," ती म्हणाली. "फक्त धाकटी मरते."