साडूच्या मापाची जागा

जाहिरातीतला 'अनुभवी' हा शब्द त्याने खोडला आणि त्या जागी 'किमान आठ वर्षांचा अनुभव असलेले आरेखक' असे लिहिले. साडूला या कामात येऊन बरोबर आठ वर्षे झाली होती. शिंप्याने मापे घेऊन अंगरखा बेतावा, तशी ही नोकरी त्याने साडूच्या अंगावर बेतली होती. इमारतींचे नकाशे, दूरचे मोठे शहर, राहायला जागा, वर मानाचे पद. उणीव एकच होती: अशी नोकरी जगात कुठेही नव्हती.

तो मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्याचे पोट होते. साडूची मात्र त्याला आजवर एकच चूक सापडली होती, आणि तीही ऱ्हस्व-दीर्घाची. 'आणि' हा शब्द साडू हटकून 'आणी' असा लिही. बाकी सगळे बिनचूक, आणि हेच त्याचे खरे दुखणे होते.

त्याची बायको आणि हा साडू आरेखनाच्या वर्गात एका बाकावर शिकलेले. धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ तिनेच सुचवले होते. स्वतःच्या लग्नानंतर बायको घरीच टेबल मांडून ठेकेदारांचे नकाशे काढी. तो त्याला तिचा विरंगुळा म्हणे. नवऱ्याला ती 'अहो' म्हणे, साडूला 'अरे'. त्या 'अरे'तली मोकळीक त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. परवा तर साडूचा एक नकाशा उजेडापुढे धरून ती म्हणाली, "रेघ असावी तर अशी!" ती रेघ थेट त्याच्या काळजावरून गेली.

ही जाहिरात ज्या संकेतस्थळावर टाकायची, ते नोकऱ्यांचे संकेतस्थळही साडूनेच दाखवलेले.

"साडूभाऊ, ही प्रश्नावली भरून पाहा. आपण कोणत्या कामासाठी जन्मलो, ते सांगते."

"तुम्हाला काय सांगितलं?"

"म्हणालं, गाव सोडा!"

सगळे हसले. बायको जरा जास्तच हसली. त्याच क्षणी त्याचा बेत ठरला. साडू राजीनामा देईल, सामान बांधील, सगळ्यांचे निरोप घेईल आणि मग तोंडघशी पडेल. संकेतस्थळाची रीतही सोयीची होती. वशिला चालू नये म्हणून नेमणूक ठरेपर्यंत मालकाला अर्जदाराचे नाव दिसत नसे, आणि अर्जदाराला मालकाचे.

बायको बहिणीकडे निघाली, तेव्हा त्याने जाहिरातीची छापील प्रत तिच्यापुढे धरली.

"हे त्याला दे. त्याच्याच मापाचं आहे."

तिने उभ्या उभ्या ती सावकाश वाचली. "एवढ्या लांब?"

"कर्तबगार माणसाला लांब काय आणि जवळ काय!"

"कधी नव्हे ते त्याचं भलं चिंतताय."

"साडू आहे माझा. वैरी थोडाच आहे?"

तिने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी पाच वाजता अर्ज आला. परगावच्या सहा अर्जांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते. हा सातवा याच शहरातला, त्याच आरेखन विद्यालयाचा, अनुभव आठ वर्षे. अर्जात एकही 'आणी' नव्हता. मेहुणीने तपासून दिला असणार, असे म्हणून त्याने मिशीतल्या मिशीत हसून घेतले.

मग संकेतस्थळावरून प्रश्नोत्तरे सुरू झाली. सध्याची जागा का सोडावीशी वाटते, असे त्याने विचारले.

"काम चोख होते, तोवर ते कोणाला दिसत नाही," असे उत्तर आले. "एखादे दिवशी राहिले, की लगेच दिसते."

तो मनोमन सुखावला. चारचौघांत 'माझ्यावाचून साहेबांचं पान हलत नाही' अशा बढाया, आणि आतली गोष्ट ही! त्याने पुढचा प्रश्न टाकला: वरिष्ठ कसे आहेत?

"सज्जन आहेत. मात्र त्यांची नजर सदैव दुसऱ्याच्या ताटाकडे असते."

जागा सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवावे लागेल?

"आधी कळवले, तरी ऐकून घेतले जाईल असे वाटत नाही."

साडूचा साहेब त्याला एकाएकी आवडू लागला.

रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला आले. त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "काय, गाव सोडायचा विचार कुठवर आला?"

"विचार रोजच करतो, साडूभाऊ! पण हिचा पाय निघत नाही ना."

"माझ्यावर ढकलू नका," मेहुणी म्हणाली. "तुम्हाला एक पेटी तरी धड भरता येते का?"

"जायचंच असेल, तर माणसाने विचारत बसू नये," बायको वाढता वाढता म्हणाली. "सरळ जावं."

तिचा आवाज किंचित कापला. त्याने तो बरोबर टिपला. साडूच्या नुसत्या जाण्याच्या कल्पनेनेच हिचा गळा दाटून येतो तर! त्याने भाताचा मोठा घास तोंडात कोंबला. उरलीसुरली दयाही त्या घासाबरोबर त्याने गिळून टाकली.

पाहुणे गेले. बायको आतल्या खोलीत आपल्या टेबलापाशी जाऊन बसली. त्याने शेवटचा प्रश्न लिहिला: 'आपली निवड झाली आहे. राहण्याची व्यवस्था करावयाची असल्याने, सोबत कुटुंबातील किती जण येतील ते कळवावे.'

साडू घरी पोहोचायच्या आतच उत्तर आले. काय हा उतावळेपणा! तो खुर्चीत ऐसपैस टेकला आणि सवयीने एकेका अक्षरावर बोट ठेवीत वाचू लागला.

"मी एकटीच येईन. यजमानांना येता येणार नाही. साडूंवर लक्ष ठेवण्याचे त्यांचे काम इथेच आहे."