उजवा कौल

“आत्मादादा, माड आडवा लावताय काय?”

रघू कुंपणावरून हसत विचारत होता. तो पोफळीला पॉवरहाऊसात नोकरीला, सुट्टीत गावी आलेला. आत्माराम गुरव परसात खणलेल्या खड्ड्यात गुडघाभर उभा होता. हातात पहार. शेजारी भाट्याच्या नारळ केंद्रातून आणलेलं रोप, मुळाशी ओलं गोणपाट.

“खाली जांभा लागला,” आत्माराम म्हणाला. “खोल जाईना, म्हणून लांब घेतला.”

“मग दोन रोपं आणायचीत की!”

“एकच लावायचाय. बाबल्याच्या नावानं.”

रघूचं हसू तिथंच मिटलं. बाबल्या हा आत्मारामचा एकुलता एक मुलगा. बांधाच्या भांडणात गावातल्याच लवूने त्याच्या डोक्यात कोयता घातला, त्याला चौदा वर्षं होऊन गेली होती. आणि रघू आला होता तो लवूच्याच सुटकेचं बोलायला.

“संध्याकाळी सगळे देवळात बसतायत, दादा. पण काही जण म्हणतात, या खेपेला कौल तुम्ही लावू नये. म्हणजे... बापाचा हात.”

आत्मारामने पहार जांभ्यात रोवली.

“माझ्या आज्यानं खोताला नको तो कौल दिला. खोत जमीन देत होता, तरी दिला. माझ्या बापानं सख्ख्या भावाच्या विरुद्ध दिला. जा, सांग त्यांना. कौल मीच लावणार.”

*

डावीकडे बसलेले:

“सोडायचा नाय!” हा धाकू, बाबल्याचा मामा. “जन्मठेप म्हणजे जन्माची ठेप. चौदा वर्षांत जन्म सरतो काय?”

“आज याला सोडलात, तर उद्या कोण कायद्याला भिईल?”

“बाबल्या येनार हाय काय सुटून? त्याला रजा मिळते काय शिमग्याची?”

उजवीकडे बसलेले:

“पेपरात रोज येतंय,” रघू म्हणाला. “मोठमोठे वकील भांडतायत. चौदा वर्षांनी माणूस तोच राहतो का? शिक्षा सुधारण्यासाठी की सूड उगवण्यासाठी?”

“सरकारनं सूड घ्यायचा नाय, आमी घ्यायचा नाय. मग घ्यायचा कुनी, तुझ्या पॉवरहाऊसानं?” धाकू ओरडला.

“लवू तुरुंगात सुतारकाम शिकलाय म्हनं,” गंगुबाई मधेच म्हणाली. “येऊ दे मेल्याला. माझं दार दोन वर्षं लोंबतंय.”

दोन्हीकडचे हसले. लवूची आई मथुरा खांबाला टेकून बसली होती. ती हसली नाही.

मधोमध:

पोलीसपाटील आप्पाने हात वर केला. “फौजदारानं दोनच गोष्टी विचारल्यात. लवू सुटला तर गावाची हरकत आहे काय, आणि मयताच्या बापाचं म्हणणं काय. गावाचं काय ते देव सांगेल. आत्मादादा, तुमचं?”

“देवाचं तेच माझं,” आत्माराम म्हणाला. “उजवा कौल आला, तर लिहा. बापाची हरकत नाही.”



*

कौलाची रीत पोरासोरांनाही ठाऊक होती. देवाच्या पाषाणावर डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा तगरीच्या दोन कळ्या पाण्याने चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. पाणी कमी लागलं की कळी लवकर सुटते. म्हणून आत्मारामचा बाप त्याला शिकवून गेला होता: दोन्ही कळ्या एकाच ओल्या अंगठ्याने लावायच्या. मधे हात कशालाही लावायचा नाही.

आत्मारामने तांब्यात बोटं बुडवली. डावी कळी लावली, दाबली. गाभाऱ्यात उकडत होतं. कपाळावरचा घाम त्याने पंच्याने टिपला, हात पुसले. मग उजवी कळी लावली आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, लवूला सोडायचा काय, खरं ते दाव. गुरवाचा मुलगा म्हणून बघू नको, मथुरेचा म्हणून बघू नको.”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी साथ दिली. धाकूनेही, दात आवळून.

उजवी कळी पडली.

कुणी श्वास सोडला, कुणी कपाळाला हात लावला. धाकू उठून आला. आता हा हात उगारतो की काय, असं रघूला वाटलं. पण धाकूने मेव्हण्यापुढे मान खाली घातली.

“देवाला बोलायला तोंड नाय मला,” तो म्हणाला. “पन भावजी, तुमचा हात मानला. पोटच्या पोराच्या बाजूनंसुद्धा ढळला नाय.”

आत्मारामने मान ताठ ठेवली. मथुरेने त्याच्या पायांवर डोकं टेकलं. तिला हुंदका आवरेना.

“सुटला की पहिला तुमच्या पाया पडायला धाडते, दादा.”

“धाड,” आत्माराम म्हणाला. “एकट्यालाच धाड. गावगर्दी नको. आम्हा नवराबायकोला सोसायची नाही.”

“तुम्ही सांगाल तसं, दादा.”

“असा गुरव दुसऱ्या गावात दाखवा,” आप्पा म्हणाला, आणि घरी जाताना गावातला जो तो छाती काढून चालत होता.

*

रघू आत्मारामला दारापर्यंत पोचवायला आला. परसातल्या खड्ड्याकडे पाहून त्याने बाह्या सरसावल्या.

“रोप लावू या? मी धरतो.”

“ते तू घेऊन जा. पोफळीला तुझ्या दारात लाव,” आत्माराम म्हणाला. “हितं जांभ्यात जगायचं नाय.”

रघूने दोन्ही हातांनी रोप उचललं. नमस्कार करायला हात मोकळे नव्हते, म्हणून तो नुसताच वाकला आणि गेला.

मागच्या दारातून येसूबाई बाहेर आली. कौल काय आला, हे तिने नवऱ्याला विचारलं नाही. अजून चांगला उजेड होता. आत्माराम खड्ड्यात उतरला, उताणा झोपला आणि पाय लांब केले. डोकं एका टोकाला टेकलं, टाचा दुसऱ्याला.

येसूबाईने काठावरून नीट पाहून घेतलं.

“लवू तुमच्यापरीस वीतभर उंच हाय,” ती म्हणाली आणि तिने पहार खाली दिली.