कोरं पाणी

ठपक्याच्या मेमोवर सही तेवढी राहिली होती. पेनाचं टोपण काढून रसायनतज्ज्ञ बाई बसल्या होत्या आणि समोर बाटलीकाका उभे होते. तीस वर्षं नदीचे नमुने आणणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेने दिलेलं हे नाव. बाटली हातातून सुटली नाही आणि थेंब पोटात गेला नाही, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीला तीन महिने उरले होते.

खिडकीखाली नदी वाहत होती. दिसायला नितळ, तेच तिचं दुखणं होतं. वर्षभर काठाला मासे उलटे पडत होते. वरच्या कारखान्याच्या सांडपाण्यात शिसं आहे, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. बाईंच्या यंत्रावर मात्र दर वेळी शून्य. उद्या कारखान्याच्या परवान्याची सुनावणी. तिथे हा शून्य वाचला गेला, की पुढची पाच वर्षं कोणी विचारणार नव्हतं.

बाईंनी सारं तपासलं होतं. यंत्र ठीक. रीतही जुनीच: आधी कोरं, म्हणजे शुद्ध केलेलं पाणी मोजायचं, मग नदीच्या आकड्यातून तो आकडा वजा करायचा. वजाबाकी यंत्रच करी. संशय घ्यायला उरला होता फक्त माणूस.

त्यांनी काकांनी भरून ठेवलेल्या ग्लासातलं पाणी घोटभर घेतलं.

"बाटल्या कारखान्याच्या वरच्या अंगाला भरता का, काका?"

"तुम्ही खूण करून दिलीत तिथेच भरतो. आपल्या कचेरीच्या नळांना पाणी चढवणाऱ्या पंपाच्या तोंडाशी."

"मग शिसं काय हवेत विरतं?"

काकांनी मान खाली घातली. चोराची असते तशी नव्हती ती, थकलेल्याची होती. बाईंना ते कळलं, पण कळून घेण्याइतकं बळ त्यांच्यातही उरलं नव्हतं. अखेर त्या म्हणाल्या, शेवटचं एकदा मोजू, माझ्या डोळ्यांसमोर. आजची बाटली आणा, कोऱ्या पाण्याचा कॅन आणा.

काकांनी दोन्ही आणलं. कॅन रिकामा होता.

"यंत्रातून भरून आणा."

"पाणी शुद्ध करायचं यंत्र गेल्या पावसाळ्यातच बंद पडलं, बाई. दुरुस्तीचा अर्ज दिला होता. तुम्हीच शेरा मारलात, तूर्त चालवून घ्या."

बाईंना तो अर्ज आठवला नाही. तो शेरा आठवला. त्या वर्षी किती कागदांवर त्यांनी तो मारला होता. मेमोवरचं पेन हळूच बाजूला सरकलं.

"मग वर्षभर या कॅनमध्ये कुठलं पाणी होतं, काका?"

काकांनी कॅन बेसिनमध्ये ठेवला, सकाळी ज्याच्याखाली बाईंचा ग्लास भरला होता तो नळ सोडला, आणि निघून गेले.