आमचा टीव्ही हॉलमध्ये आहे

"काकू, माझं ऐका, पीसीच घ्या," दुकानदार समजावत होता. "गेम भरपूर मिळतात, पुढे पार्ट बदलता येतात."

"तो ठेवायचा कुठे?"

"कुठेही. मुलाच्या खोलीत, टेबलावर."

"आणि हा डबा?"

"हा कन्सोल. टीव्हीला जोडावा लागतो."

"मग हाच द्या. आमचा टीव्ही हॉलमध्ये आहे."

ह्यांनी मला कोपराने ढोसलं. "अगं, ते काय सांगतायत ते ऐक तरी!"

काय ऐकू? नोकरी गेल्यापासून लेकाने खोलीचं दार लावून घेतलंय. मी ताट बाहेर ठेवायचं आणि खरकटं झालं की उचलायचं, एवढंच आमचं बोलणं. डॉक्टर, मावशी, मित्र, सगळे दार वाजवून हात हलवत परत गेले. आता खेळण्यासाठी तरी तो हॉलमध्ये येईल, सोफ्यावर टेकेल, एकदा माझ्याकडे बघेल.

"अजून एक कंट्रोलर द्या," मी म्हणाले.

"दुसरं कोण खेळणार, काकू?"

"मी."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण शिकले असते.

सकाळी खोकं त्याच्या दाराशी ठेवलं. "हॉलमध्ये जोडून ठेव रे, संध्याकाळी दोघं खेळू," असं दाराला सांगितलं आणि कामावर गेले.



संध्याकाळी आले तर शोकेसवर टीव्हीच्या जागी नुसती धूळ होती, आणि बंद दाराबाहेर, खरकट्या ताटात, दुसरा कंट्रोलर.